शेवटच्या पानावरचा शिक्का

कुठल्याही संस्थेत काही फाटलं, फुटलं किंवा हरवलं, की पहिला प्रश्न 'हे कोणी केलं?' असा कधीच नसतो. पहिला प्रश्न असतो, 'हे कोणाच्या गळ्यात घालायचं?' दोर आधीच वळून तयार असतो, मग त्याच्या मापाचा गळा शोधला जातो. आणि मंडळी, गळा निवडताना आपण फार चोखंदळ असतो. ज्याच्या पाठीशी चार वजनदार माणसं उभी आहेत, तो गळा आपल्याला कधीच बरोबर बसत नाही!

त्या वाचनालयात हेच झालं.

मुलांच्या कपाटात एक नवी रहस्यकादंबरी आली होती. एका गावातल्या घंटा एकेक करून चोरीला जातात आणि एक पोरकी मुलगी त्या चोराचा माग काढते, अशी गोष्ट. ही मुलगी राहायची कोणाबरोबर, तर बंद पडलेल्या एका फिरत्या नाटक मंडळीतल्या चार म्हाताऱ्यांबरोबर. पुस्तक पहिल्यांदा घरी नेलं ते गिरमिटने, आणि दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर ती काउंटरपाशी येऊन उभी राहिली.

"बाई, शेवट कुठाय?"

ग्रंथपालबाई पुस्तकांना कव्हरं घालत होत्या. "कसला शेवट?"

"पुस्तकाचा. चोर सापडला. मग त्या मुलीचा सख्खा काका मोठी गाडी घेऊन दाराशी येतो. म्हणतो, चल, तू आमच्या रक्ताची, या भटक्यांत तुझं काय काम. ती दार उघडते. 'ती म्हणाली,' आणि संपलं! काय म्हणाली?"

बाईंनी पुस्तक हातात घेतलं. शेवटचं पानच नव्हतं. ओढून फाडलेलं नाही. पात्याने, शिवणीला अगदी लागून, सरळ रेषेत कापलेलं. ज्याने कापलं त्याचा हात सरावाचा होता.

गिरमिट हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. लाकडाला भोक पाडायचं गिरमिट जसं एकदा लागलं की आरपार गेल्याशिवाय थांबत नाही, तसे तिचे प्रश्न. नाव ठेवलं होतं दातवाल्या आजोबांनी, आणि ते इतकं चपखल बसलं की शाळेतल्या बाईसुद्धा हजेरीच्या वेळी चुकून तेच म्हणायच्या.

हे आजोबा तिचे आजोबा नव्हते. ते कवळ्या बनवायचे. एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एका बोळकांडीत चार खोल्या होत्या. एकीत आजोबा, त्यांच्या साच्यांसकट. दुसरीत रुग्णवाहिका चालवणारी मावशी. तिसरीत पाव भाजणारा काका, जो पहाटे कामावर जायचा आणि दिवसा झोपायचा. चौथ्या खोलीत गिरमिट आणि तिची आई. आई आजारी पडली, आणि गेली. त्या संध्याकाळी कोणी बैठक घेतली नाही की ठराव मांडला नाही. मावशीने तिचं ताट आपल्या टेबलावर मांडलं, आजोबांनी दप्तर आपल्या खोलीत आणलं, काकाने चौथ्या खोलीला कुलूप लावून किल्ली तिच्याच हातात दिली. घर झालं! काही लोकांना तेवढ्यासाठी वास्तुविशारद लागतो.

आता बालकल्याण खात्यात त्यांचा रीतसर अर्ज होता, मुलीचं पालकत्व आम्हाला द्या म्हणून. खात्याच्या अधिकारी बाई पुढच्या आठवड्यात घर पाहायला येणार होत्या. तोवर सगळे जण श्वास रोखून होते. काकाने तर रोज दाढीसुद्धा करायला सुरुवात केली होती.

नेमक्या त्याच वेळी वाचनालयाच्या अध्यक्षांना ते कापलेलं पुस्तक दिसलं.

अध्यक्षांना सगळे 'सुविचार सर' म्हणत. निवृत्त मुख्याध्यापक. वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर ते रोज स्वतःच्या वळणदार अक्षरात एक सुविचार लिहायचे. माणुसकी, करुणा, क्षमा, सगळं तिथे मिळायचं, खडूने लिहिलेलं. फळ्याच्या खालून आत शिरलं की मात्र साठा संपलेला असायचा.

"कोणी नेलं होतं हे?" सरांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं. आणि घाईघाईने पुढे जोडलं, "पण सर, तिनेच तर येऊन दाखवलं."

"अर्थात!" सर हसले. "चोर नेहमी आधी ओरडतो. बाई, तुम्ही भोळ्या आहात. ज्या मुलीवर घरात कोणाचा धाक नाही, ती दुसरं काय करणार? तीन परके लोक, ना कोणी कोणाचं. त्याला घर म्हणायचं?"

"तिचे आजोबा फार..."

"आजोबा!" सरांनी तो शब्द चिमटीत धरून बाजूला ठेवल्यासारखा उच्चारला. "शनिवारी समितीची बैठक लावा. आपण बालकल्याण खात्याला पत्र पाठवू. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान, देखरेखीचा अभाव. मुलीच्या भल्यासाठीच."

मुलीच्या भल्यासाठी! मंडळी, हे शब्द ऐकले की मुलीने शक्य तितक्या लवकर पळ काढावा. जगातली निम्मी दुष्टाई कोणाच्या तरी भल्यासाठीच चाललेली असते.

ग्रंथपालबाईंनी शनिवारची नोंद करून घेतली. त्या वाईट नव्हत्या. त्यांची आई जाऊन थोडेच महिने झाले होते, घरी गेल्यावर बोलायला कोणी नव्हतं, आणि वाचनालय सोडलं तर दिवस घालवायला दुसरी जागा नव्हती. ती जागा सरांच्या मर्जीवर होती. त्यांनी पुस्तक खणात ठेवलं आणि पुन्हा कव्हरं घालायला घेतली.

दुसऱ्या दिवशी गिरमिट आली ती थेट काउंटरच्या आत.

"बाई, माझ्यावर आळ आहे म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"समितीतल्या फर्निचरवाल्या शेठच्या मुलीने. वर्गात. मोठ्याने." तिने नाक ओढलं, पण रडली नाही. "मावशी म्हणाली, रडून झालं की कामाला लाग. माझं झालंय. मला सांगा, पुस्तक कपाटात यायच्या आधी कुठे कुठे जातं?"

"तुला काय करायचंय त्याच्याशी?"

"माझ्या आधी कोणी नेलं नाही. म्हणजे मी तरी कापलं, नाहीतर ते कापलेलंच आलं. मी कापलं नाही. मग राहिलं काय?"

बाईंनी कव्हराचा कागद पुढे ओढला. पण गिरमिट लागलं होतं. पुस्तक दुकानातून येतं का? कोण उघडतं गठ्ठा? शिक्का कोण मारतं? कुठे कुठे मारतं? शेवटी तिला गप्प करायला बाईंनी एक कोरं नवं पुस्तक घेतलं आणि शिक्का मारून दाखवला. आधी शीर्षकाच्या पानावर, मग मधल्या एका ठरलेल्या पानावर, मग पुस्तक उलटं करून शेवटच्या पानाच्या तळाशी. वाचनालयाची वर्षानुवर्षांची पद्धत. कोणी पुस्तक पळवून पहिलं पान फाडलं तरी ओळख पटावी म्हणून.

"शेवटच्या पानावर म्हणजे कितव्या?"

"कितव्या म्हणजे? मागून उघडायचं. जे पहिलं छापील पान लागेल ते."

"वाचत नाही तुम्ही?"

"शिक्के मारताना वाचत बसले तर झालंच."

गिरमिटने खणाकडे बोट केलं. "ते पुस्तक काढा ना."

बाईंनी काढलं. मागून उघडलं. 'ती म्हणाली,' या शब्दांच्या बरोबर खाली, निळ्या शाईत, गोल गरगरीत, वाचनालयाचा शिक्का होता.

दोघी बघत राहिल्या.

"बाई," गिरमिट अगदी हळू म्हणाली, "तुम्ही शिक्का मारलात तेव्हाच हे शेवटचं पान होतं."

आणि शिक्का मारण्याआधी पुस्तकं कुठे जातात, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. नव्या पुस्तकांचा गठ्ठा आधी सरांच्या घरी जायचा. 'नजरेखालून घालतो,' सर म्हणायचे. आठवड्याने गठ्ठा परत यायचा. कधी एखाद्या पुस्तकाचं मधलं पान नसायचं. बाईंना वाटायचं, छपाईतलीच चूक असेल. खरं तर वाटायचं नाही, वाटून घ्यायच्या.

"शनिवारी तुम्ही सांगाल ना?" गिरमिटने विचारलं.

"बघू," बाई म्हणाल्या.

'बघू'! आपल्या सभ्य समाजाने शोधून काढलेला हा फार सोयीचा शब्द. त्यात नकार आहे, पण नकाराची लाज नाही. होकाराचा वास आहे, पण होकाराचा खर्च नाही. बुडणाऱ्याला काठावरून 'बघू' म्हणणारे लोक स्वतःला क्रूर समजत नाहीत. ते स्वतःला व्यवहारी समजतात.

गिरमिट दप्तर उचलून निघून गेली. तिने दुसरा प्रश्न विचारला नाही. बाईंना तेच जास्त लागलं.

शनिवारी दुपारी मागच्या खोलीत बैठक भरली. लांब टेबल, त्यावर काच, काचेखाली जुने सत्काराचे फोटो. प्रत्येक फोटोत सर. एका बाजूला फर्निचरवाले शेठ, ज्यांनी आयुष्यात एकही पुस्तक वाचलं नव्हतं पण कपाटं दिली होती. त्यांच्या शेजारी डॉक्टरीणबाई, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. समित्यांवर बसणं हा त्यांचा व्यायाम होता. समोर तीन खुर्च्या: गिरमिट, आजोबा, मावशी. मावशी कामावरून तशीच आली होती, गणवेशात. ग्रंथपालबाई कोपऱ्यात, इतिवृत्त लिहायला.

"आपण कोण लागता मुलीचे?" सरांनी सुरुवात केली.

"मी आजोबा," आजोबा म्हणाले.

"आईकडून की वडिलांकडून?"

"जिन्याकडून," आजोबा म्हणाले. "मी डावीकडची खोली, ती समोरची."

मावशीला हसू आलं, ते तिने खोकल्यात लपवलं. डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचावल्या.

"ही थट्टेची वेळ नाही," सर म्हणाले. "रक्ताचं नातं काही आहे का?"

"नाही."

"आणि आपण?"

"मी मावशी," मावशी म्हणाली. "आणि रक्ताचं म्हणाल तर मी रोज लोकांचं पुसते गाडीतून. सगळ्यांचं सारखंच निघतं."

"बघा, बघा ही भाषा!" शेठ म्हणाले. "मुलगी काय शिकणार मग? पानंच फाडणार!"

"शेठ, पान फाडलेलं नाही, कापलंय," गिरमिट म्हणाली.

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये," डॉक्टरीणबाई गोड आवाजात म्हणाल्या. "बाळ, तुला आई-वडील नाहीत, त्यात तुझा दोष नाही. आम्ही समजू शकतो. पण खऱ्या घराचं वळण ते वेगळंच. हे सगळं काय म्हणायचं... उसनं."

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ताई, एक विचारू? मी आयुष्यभर कवळ्या केल्या. लोक त्यांना खोटे दात म्हणतात. मी कधी वाईट वाटून घेतलं नाही. पण एक सांगा, जेवायला बसल्यावर माणूस चावतो कशाने? जे पडले त्या खऱ्यांनी, की जे तोंडात आहेत त्या खोट्यांनी? हिची आई गेली तेव्हा हिचे खरे नातेवाईक होते की! एक मामा आला. खोली बघितली, पंखा घेऊन गेला. ही ताप आला की कोणाला हाक मारते, ते या मावशीला विचारा. हिच्या शाळेत कोण जातं, ते हिच्या बाईंना विचारा. खरं-खोटं तुमचं तुम्ही ठरवा. आमचं म्हणणं एवढंच, की घास आम्ही चावतो."

शेठनी नकळत स्वतःच्या जबड्यावरून हात फिरवला.

"भावनेचा प्रश्न नाही," सर म्हणाले. "पुराव्याचा आहे. पुस्तक हिने नेलं, पुस्तक कापलेलं निघालं."

"पुरावा आहे माझ्याकडे," गिरमिट म्हणाली. तिने टेबलावरचं पुस्तक मागून उघडलं आणि शिक्क्यावर बोट ठेवलं. "हे बघा. बाई शेवटच्या पानावर शिक्का मारतात. तो इथे आहे. अर्ध्या वाक्याखाली. मी कापलं असतं, तर शिक्का कापलेल्या पानाबरोबर गेला असता."

डॉक्टरीणबाई पुढे वाकल्या. शेठही वाकले, आणि काही न कळून परत सरळ झाले.

सरांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. मुख्याध्यापकी अशी फुकट जात नाही. ते कोपऱ्याकडे वळले.

"बाई, तुम्ही इतकी वर्षं काम करताय. फाटक्या पुस्तकावर तुम्ही कधी शिक्का माराल का? नाही ना? शिक्का चुकून मधल्या पानावर पडला असेल. हो ना? लिहून घ्या तसं."

प्रश्न नव्हताच तो. उत्तर होतं, मागे 'ना' लावलेलं. बाईंनी फक्त मान हलवायची होती. मान हलवणं सोपं असतं. आपल्यातल्या पुष्कळांची मान त्याच एका कामासाठी राहिलेली असते.

बाईंचं लक्ष मावशीच्या हातांकडे गेलं. लाल, सतत धुवून खरखरीत झालेले हात. तसेच हात त्यांनी वर्षभर पाहिले होते. आईच्या आजारपणात समोरच्या घरातली शिवणकाम करणारी बाई रोज यायची, आईचं अंग पुसायची, कूस बदलायची. सख्खा मुलगा दूरदेशी होता. तो फोनवर रडायचा. रडणं लांबून करता येतं, बेडपॅन लांबून उचलता येत नाही. आई गेली त्या दिवशी नातेवाईक आले आणि पुढच्या खुर्च्यांवर बसले. ती बाई मागे दाराशी उभी होती. कोणीतरी तिला मोलकरीण समजून चहा करायला सांगितला. तिने केला. साखर कुठे असते, हे त्या घरात तिलाच ठाऊक होतं.

"लिहिलंत का?" सरांनी विचारलं.

बाई उठून उभ्या राहिल्या.

"शिक्का चुकून पडलेला नाही," त्या म्हणाल्या. "मी मागून उघडलं, जे शेवटचं होतं त्यावर मारला. पुस्तक तेव्हाच कापलेलं होतं. मी बघितलं नाही. बघायचं टाळलं."

"बाई, तुम्हाला बरं वाटत नाहीये."

"आणि सर, माझ्याकडे येण्याआधी पुस्तकं फक्त तुमच्याकडे जातात."

खुर्ची करकरली. शेठनी सरांकडे पाहिलं, डॉक्टरीणबाईंनी छताकडे.

सर खोटं बोलू शकले असते. पण गर्व मोठा वाईट! त्याला गुन्हा लपवता येतो, मत लपवता येत नाही.

"हो, कापलं!" सर कडाडले. "कापणारच! वाचलंय का तुमच्यापैकी कोणी? तो सख्खा काका, सुशिक्षित माणूस, एवढ्या लांबून न्यायला येतो, आणि ही कार्टी त्याला म्हणते, 'माझं कुटुंब घरात आहे, तुम्ही पाहुणे म्हणून या'! आणि दार लावून घेते! त्या फाटक्या म्हाताऱ्यांत राहते! हे मुलांच्या हातात द्यायचं? कुटुंबसंस्था टिकेल का अशाने?"

कोणी काही बोलायच्या आत गिरमिट खुर्चीवरून उडी मारून उभी राहिली. आळ, समिती, खात्याचं पत्र, सगळं ती विसरली होती. डोळे लखलखत होते.

"म्हणजे ती राहिली?" तिने विचारलं. "सर, खरंच? ती राहिली त्यांच्याकडेच?"

आणि तिने वळून आजोबांचा हात घट्ट पकडला. "आजोबा, ती राहिली!"

आजोबांना चष्मा पुन्हा पुसावा लागला. मावशीने या वेळी खोकल्याचं सोंग केलं नाही. तिने सरळ डोळ्यांना रुमाल लावला.

गिरमिटला चोर सापडायला हवा होता, हे समितीला समजण्यासारखं होतं. पण तिला आठवडाभर झोप लागली नव्हती ती गोष्टीच्या शेवटासाठी. पोरकी मुलगी आपल्या माणसांत राहू शकते, असं निदान एका पुस्तकात तरी लिहिलेलं आहे का, एवढंच तिला हवं होतं. आणि नेमकं तेच एका संस्कारी माणसाने पात्याने कापून काढलं होतं!

आता सरांनी शरमेने मान खाली घातली, असं मी लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण तसं झालं नाही. अशा लोकांना शरम वाटत नाही, अपमान वाटतो. सरांनी पाणी मागवलं.

मग डॉक्टरीणबाईंनी आपला गोड आवाज परत काढला. "जाऊ द्या. झालं गेलं. सरांचा हेतू चांगलाच होता. आपण असं करू, पत्र पाठवायचं नाही. मुलीने मोठ्यांशी उलट बोलल्याबद्दल सरांची माफी मागावी, आणि विषय इथेच संपवावा. बाहेर वाच्यता नको. संस्थेचं नाव आहे."

"एकदम योग्य," शेठ म्हणाले. त्यांची सही तयारच असायची.

वाचकहो, पाहिलंत? ज्याने कापलं त्याचा हेतू चांगला, आणि जिच्यावर आळ आला तिने माफी मागायची! याला आपल्याकडे समजूतदारपणा म्हणतात. मोठ्या माणसाच्या पायाखाली लहान माणसाचं बोट आलं, तर बोटाने 'माफ करा' म्हणायचं आणि पाय पुढे चालू लागायचा.

"माफी ती मागणार नाही," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "शेठच्या मुलीने वर्गात सगळ्यांसमोर हिला चोर म्हटलंय. म्हणजे वाच्यता झालीच आहे. ती आपण केली. खात्याच्या कानावर उद्या ते जाईलच, मग नीट जाऊ दे. काय घडलं ते मी इतिवृत्तात लिहिणार आहे, माझी चूकसुद्धा. तसंच निवेदन सही करून खात्यालाही देणार आहे."

"तुमच्या नोकरीचा विचार करा," सर म्हणाले.

"केला," बाई म्हणाल्या. "इतके दिवस तोच करत होते."

अधिकारी बाई आल्या त्या दिवशी ग्रंथपालबाई वरच्या मजल्यावर जाऊन बोळकांडीत थांबल्या. काका झोपमोड करून इस्त्रीच्या सदऱ्यात उभा होता, आणि उभ्या उभ्या डुलक्या घेत होता. आजोबांनी साचे झाकून ठेवले होते, तरी एका रिकाम्या जबड्याने फडक्याखालून डोकं बाहेर काढलंच होतं.

अधिकारी बाई दमलेल्या होत्या, पण त्यांनी निवेदन शेवटपर्यंत वाचलं. मग सगळ्यांना बाहेर थांबायला सांगून त्या गिरमिटशी बोलल्या. दार लोटलेलं असलं, तरी ते इतकं जुनं होतं की बाहेर सगळं ऐकू येत होतं.

"इथे कधी भीती वाटते का तुला?"

"वाटते. मावशी रात्रपाळीला गेली की."

"मग काय करतेस?"

"काही नाही. आजोबा घोरायला लागतात. मग जाते."

"काका काही बोलतो का तुला?"

"बोलतो. पाढे चुकले की. स्वतःचेही चुकतात त्याचे."

मग अधिकारी बाईंचं हसणं ऐकू आलं. बाहेर आजोबांनी मावशीकडे बघितलं आणि पहिल्यांदाच खांदे खाली सोडले.

निकाल त्या महिन्यातच आला. मुलगी आहे तिथेच राहील, पालक म्हणून मावशी आणि आजोबा यांची नावं लागतील. काकाने त्या दिवशी पाव इतके भाजले की आख्ख्या इमारतीला पुरून उरले.

सर अजून अध्यक्ष आहेत. फळ्यावर सुविचार रोज बदलतो, सर तेच आहेत. ग्रंथपालबाईही तिथेच आहेत. त्यांना काढायचं तर कारण लिहावं लागलं असतं, आणि ते कारण लिहिण्याची हिंमत समितीतल्या कोणातच नव्हती. नव्या पुस्तकांचे गठ्ठे आता थेट त्यांच्या टेबलावर येतात. त्या प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान वाचतात, मगच पुढचं काम. एका रविवारी त्या समोरच्या घरी गेल्या आणि त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना म्हणाल्या, "आईच्या फोटोशेजारी तुमचा एक हवा आहे मला. आहे का चांगलासा?"

मंडळी, ज्याला आई-बाप नाहीत त्याला आपण निराधार म्हणतो आणि हळहळून मोकळे होतो. चुकतो आपण! निराधार तो, ज्याच्यावर आळ आल्यावर भरल्या खोलीत कोणीही खुर्चीवरून उठत नाही. आई-बाप देणं आपल्या हातात नाही. पण उठून उभं राहण्यासाठी कोणाचं कोणी लागावं लागत नाही.